धुळीनें माखलेलें मुख

'दृष्टांत झाला' हे शब्द आपल्याकडे कोणासही अपरिचित नाहींत. तुकोबांस गुरूपदेश स्वप्नांत झाला, आणि पुढें बहिणाबाईस तुकोबांचा उपदेशही स्वप्नांतच मिळाला, ह्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु अशा दृष्टांतांत बहुधा एक जीव आणि त्याचा देव ह्या दोघांचाच संबंध असतो. तिसऱ्या कोणास त्यापासून भिण्याचें कारण नसतें. जेव्हां एखाद्याचा दृष्टांत धर्मपीठावर बसलेल्यांकडेच बोट दाखवितो, तेव्हां मात्र प्रश्न बिकट होतो. तो खोटा मानावा, तर देवाचा शब्द अव्हेरल्याचा दोष. खरा मानावा, तर उद्यां कोणीही उठून 'मला देवानें सांगितलें' म्हणून वाटेल त्या गुरूस पायउतार व्हावयास सांगेल. ह्या पेचाचें एक बोधप्रद उदाहरण ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत आहे. तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं बिंगेन नांवाचें गांव आहे. बाराव्या शतकांत त्याच्या जवळच, नाहे नदी ऱ्हाईनला मिळते त्या संगमापाशीं, रूपर्ट्सबेर्ग येथें संन्यासिनींचा एक मठ होता, आणि त्या मठाची मुख्य होती हिल्डेगार्ड नांवाची साध्वी. तिचा जन्म इ. स. १०९८ मधला, घराणें सरदारांचें. लहानपणींच आईबापांनीं तिला देवाच्या सेवेस वाहिलें, आणि १११२ मध्यें युट्टा नांवाच्या एका विरक्त व कुलीन स्त्रीबरोबर ती डिझिबोडेनबेर्ग येथील पुरुषांच्या मठाला लागून असलेल्या एकांतकोठडींत राहावयास गेली. कोठडीचें दार बाहेरून बंद करीत. जगाला मेल्याप्रमाणें राहावयाचें, असा तो आचार होता. हळूहळू तेथें आणखी मुली जमल्या, आणि ११३६ मध्यें युट्टा वारल्यावर त्या सर्वांनीं हिल्डेगार्डला आपली मुख्य निवडलें.

तिला बालपणापासून कांहीं तरी दिसत असे. एक प्रखर तेज, आणि त्या तेजांत चित्रें व शब्द. हें इतरांस दिसत नाहीं असें कळल्यावर ती भ्याली व गप्प राहिली. ११४१ मध्यें, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, 'जें पाहतेस, ऐकतेस तें लिही' अशी आज्ञा झाल्याचें ती सांगते; तरीही ती लिहीना, आणि अंथरुणाला खिळली. अखेर फोल्मार नांवाच्या एका साधूच्या साह्यानें तिनें लेखणी हातीं घेतली. 'स्किव्हिआस' हा तिचा पहिला ग्रंथ पुरा होण्यास दहा वर्षें लागलीं. आपले दृष्टांत झोपेंतले नव्हत किंवा भ्रमांतलेही नव्हत. जागेपणीं, उघड्या डोळ्यांनीं, शुद्धीवर असतांना ते आपणांस होतात, असें तिनें वारंवार बजावून सांगितलें आहे. स्वप्नाचा आधार घेऊन कोणीही कांहींही बोलूं शकतो, हें तिला पुरतें ठाऊक असावें.

आजचा सुशिक्षित वाचक येथें थांबून विचारील कीं, हा मेंदूचा विकार तर नव्हे? हा प्रश्न नवा नाहीं. चार्लस् सिंगर ह्या विज्ञानेतिहासकारानें १९१७ साली आणि पुढें ऑलिव्हर सॅक्स ह्या मेंदुरोगतज्ज्ञानें, तिनें वर्णिलेल्या तेजाचा व झळकणाऱ्या ठिपक्यांचा संबंध अर्धशिशीशीं जोडला आहे. तसें असेलही. परंतु अर्धशिशीनें फार तर डोळ्यांपुढें तेज येईल; त्या तेजांत कोणावर काय दोष ठेवावयाचा, हें अर्धशिशी ठरवीत नाहीं. आमचा विषय तो दोष आहे.

हा दोष समजण्यासाठीं तो काळ थोडा ध्यानांत घेतला पाहिजे. त्या वेळीं युरोपांतील बिशप हा केवळ धर्मगुरु नसे; तो जहागिरींचा मालक, न्यायाधीश आणि प्रसंगीं सेनापतीही असे. धर्मपदें द्रव्य देऊन मिळविलीं जात. ११५९ पासून ११७७ पर्यंत तर पोपही एक नव्हता. धर्मसभेंतील एका पक्षानें निवडलेला एक आणि बादशहा फ्रेडरिक बार्बारोसा ह्यानें पाठीशीं घातलेला दुसरा, असा दुहीचा काळ होता. हिल्डेगार्डचा मठ ज्या माइन्त्स शहराच्या आर्चबिशपाच्या अधिकाराखालीं येई, तेथील एका आर्चबिशपाचा ११६० मध्यें नागरिकांनींच खून केला. आणि पुढें त्या गादीवर आलेला ख्रिस्तियान हा आपला बहुतेक काळ बादशहाच्या वतीनें इटलींत लढाया करण्यांत घालवीत होता. मेंढपाळ असे गुंतलेले असतां मेंढरांकडे कोण पाहणार?

अशा वेळीं ही कोठडींत वाढलेली बाई, वयाच्या साठीच्या आगेंमागें, गांवोगांव उपदेश करीत हिंडूं लागली. स्त्रीनें देवळांत किंवा चव्हाट्यावर धर्मोपदेश करावा ही गोष्ट त्या समाजांत जवळजवळ अशक्य मानलेली होती. तिनें ती केली, आणि पुष्कळदां थेट धर्मगुरूंपुढें केली. कोलोन येथें तिनें तेथील पाद्र्यांस सांगितलें कीं, काथार नांवाचा जो पाखंडी पंथ लोकांस ओढून नेत आहे, त्याचें मूळ तुमच्या आळसांत आहे. तुम्ही उपदेश करीत नाहीं म्हणून लोक दुसऱ्याचें ऐकतात. असाच उपदेश तिनें दक्षिण जर्मनींतील किर्खहाइम येथें केला असावा. कारण तेथील वेर्नर नांवाच्या धर्मगुरूनें, आपण जें बोललांत तें आम्हांस लिहून पाठवा, अशी तिला विनंति केली. त्या पत्राच्या उत्तरांत आलेला दृष्टांत हाच ह्या लेखाचा मुख्य विषय होय.

११७० मध्यें, दीर्घ आजारांत पडून असतांना, तिला एक स्त्री दिसली. तिची उंची पृथ्वीपासून आकाशापर्यंत होती, आणि सौंदर्य असें कीं मनुष्याच्या बुद्धीस आकळूं नये. अंगांत शुभ्र रेशमी वस्त्र, वर रत्नामोत्यांनीं जडविलेला झगा, पायांत गोमेदाची पादत्राणें. ही स्त्री म्हणजे ख्रिस्ताची वधू, म्हणजेच धर्मसंस्था. परंतु तिचें मुख धुळीनें माखलें होतें. वस्त्र उजव्या बाजूस फाटलें होतें, झग्याची शोभा गेली होती, आणि पादत्राणें वरून काळवंडलीं होतीं. ती मोठ्यानें विलाप करीत होती, आणि तिच्या विलापाचें सार असें कीं, ज्यांनीं मला निर्मळ ठेवावयाचें त्या माझ्या पुरोहितांनींच मला मळविलें. ते प्रभूचें रक्तमांस हातांत धरितात आणि त्याच हातांनीं लोभ व व्यभिचार करितात. ते धर्मपदांची खरेदीविक्री करितात. वरिष्ठ आहेत ते न्यायाची खडतर वाट चालत नाहींत व हाताखालच्यांस चांगला कित्ता घालून देत नाहींत. जोंवर मनुष्यांचीं पापें ताजीं आहेत, तोंवर माझ्या पतीच्या जखमाही ताज्या आहेत.

ह्यानंतर हिल्डेगार्डनें आकाशांत एक उपसलेली तलवार लोंबतांना पाहिली. तिची एक धार आकाशाकडे, दुसरी पृथ्वीकडे. आणि तिला सांगण्यांत आलें कीं, राजे व धीट लोक एक दिवस ह्या पुरोहितांवर उठतील, त्यांस हांकून देतील आणि त्यांची संपत्ति हिरावून घेतील; कारण त्यांनीं आपलें कर्तव्य टाकलें आहे. तथापि शेवट निराशेचा नाहीं. एलिया प्रवाद्याच्या काळीं मूर्तीपुढें गुडघे न टेकलेले सात हजार जसे शिल्लक होते, तसे साधे व शुद्ध मनाचे कित्येक पुरोहित देव आपल्यासाठीं राखून ठेवील, असें तिनें पाहिलें.

ह्या दृष्टांतांतील एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ती स्त्री मळली आहे, फाटली आहे. परंतु मेलेली नाहीं, आणि कुरूप तर मुळींच नाहीं. तिच्यावरील धूळ शत्रूनें उडविलेली नसून घरच्यांनींच उडविली आहे. अधिकाऱ्यांचा दोष सांगतांना अधिकारच नष्ट करा असें हिल्डेगार्ड म्हणत नाहीं. ज्याच्यावर तो सोंपविला आहे त्यानें हात धुवावे, असें म्हणते.

असा दृष्टांत लोकांच्या हातीं पडला म्हणजे त्याचें काय होतें, हें पाहणेंही उद्बोधक आहे. १२२० मध्यें एबेरबाख येथील गेबेनो नांवाच्या साधूनें तिच्या लेखनांतील भविष्यकथनें निवडून त्यांचा एक संग्रह केला, आणि तिच्या मूळ ग्रंथांपेक्षां तोच अधिक पसरला. पुढें भिक्षेवर राहणाऱ्या फकिरी पंथांवर लोकांचा राग वळला, तेव्हां त्यांच्याविरुद्ध तिच्या नांवावर एक बनावट भविष्यही रचण्यांत आलें. १५२७ मध्यें, ल्यूथरच्या चळवळीच्या ऐन भरांत, नुरेंबर्ग येथील आंद्रेआस ओसियांडर ह्या सुधारकानें पोपच्या पक्षाविरुद्ध तिचींच वचनें छापलीं. सारांश, ज्याच्या हातीं ती तलवार आली त्यानें तिचें टोंक दुसऱ्याकडे वळविलें. धुळीनें माखलेलें मुख सर्वांस दिसलें, पण तें माखणारे हात नेहमीं पलीकडल्या पक्षाचे!

मग खुद्द हिल्डेगार्डचें काय? तिनें आपले हात कधीं पाहिले काय? ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं, आणि म्हणूनच तिची कथा आम्हांस सांगाविशी वाटली.

तिच्या मठांत केवळ कुलीन घराण्यांतील मुलींसच प्रवेश होता. आंडेरनाख येथील टेंक्सविंड नांवाच्या एका मठाधिकारिणीनें पत्र लिहून, वरकरणीं मोठ्या नम्रतेनें पण आंतून टोंचून, तिला विचारलें कीं, प्रभूनें तर कोळ्यांस आणि गरिबांस आपलें शिष्य केलें, मग आपल्याकडे हीनकुलीनांस मज्जाव कां? आणि सणाच्या दिवशीं आपल्या संन्यासिनी केस मोकळे सोडून, पांढऱ्या रेशमी ओढण्या आणि सुवर्णाचे मुकुट घालतात, हें कोणत्या शास्त्राप्रमाणें? हिल्डेगार्डनें उत्तर दिलें तें असें कीं, बैल, गाढवें आणि मेंढरें एकाच गोठ्यांत कोण बांधतो? लहानमोठेपणाच्या पायऱ्या देवानेंच घातल्या आहेत. त्या मोडल्या तर वरचे खालच्यांस तुच्छ लेखतील आणि खालचे वरच्यांवर चढूं पाहतील. हें उत्तरही तिनें त्या दिव्य तेजाच्या नांवानेंच दिलें. वाचकहो, हें उत्तर वाचतांना आम्हांस हंसूं आलें नाहीं. हाच युक्तिवाद आपल्या ओसरीवर, आपल्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून, शास्त्राच्या नांवानें आपण किती वेळां ऐकला आहे! आणि बोलणारीं माणसें दुष्ट नव्हतीं.

दुसरी गोष्ट अधिक हृदयद्रावक आहे. रिखार्डिस नांवाची एक तरुण संन्यासिनी हिल्डेगार्डची अत्यंत लाडकी होती. 'स्किव्हिआस' लिहितांना तिचें मोठें साह्य झालें होतें. ११५१ मध्यें, नवा मठ वसवून थोडेच दिवस झाले असतां, ह्या रिखार्डिसला उत्तरेकडील बासुम येथील मठाची मुख्य म्हणून निवडण्यांत आलें. हिल्डेगार्डला हा वियोग सहन होईना. तिनें मुलीच्या आईस लिहिलें, भावास लिहिलें (तो ब्रेमेनचा आर्चबिशप होता), माइन्त्सच्या आर्चबिशपास लिहिलें आणि प्रत्यक्ष पोपपर्यंत दाद मागितली. तिला जाऊं द्या, असा आर्चबिशपाचा हुकूम आला, तेव्हां तिनें देवाच्या वाणीनेंच त्यास उलट फटकारलें कीं, ह्या नेमणुकीचीं कारणें देवापुढें निरर्थक आहेत. म्हणजे जें तिच्या मनाला नको होतें, तें देवालाही नको होतें! तरी रिखार्डिस गेली, आणि ११५२ च्या ऑक्टोबरांत तिकडेच वारली. मरणापूर्वी तिनें आपल्या जुन्या मठासाठीं अश्रु ढाळले व परत येण्याची इच्छा धरिली होती, असें तिच्या भावानें हिल्डेगार्डला कळविलें.

ह्या प्रकरणांत हिल्डेगार्डनें रिखार्डिसला लिहिलेलें एक पत्र शिल्लक आहे. त्यांत, मनुष्यावर असा भार टाकून मी चुकलें, देवानें मला माझें पाप दाखविलें, अशी कबुली ती देते. धर्माधिकाराचा वापर स्वतःच्या मायेसाठीं कसा होतो, आणि तो करितांना आपण देवाचेंच काम करीत आहों असें किती प्रामाणिकपणें वाटतें, हें तिनें दुसऱ्याच्या घरीं पाहण्यापूर्वी आपल्या घरीं अनुभविलें होतें. किर्खहाइमच्या पुरोहितांस तिनें जें लिहिलें तें ह्यानंतर सुमारें अठरा वर्षांनीं. त्या विलापांत जी कळ आहे ती परक्याच्या पापाची नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आणि आयुष्याच्या अखेरीस तिच्यावरच त्या अधिकाराचा प्रहार झाला. ११७८ मध्यें एका सरदाराचें प्रेत रूपर्ट्सबेर्गच्या स्मशानभूमींत पुरण्यांत आलें. हा मनुष्य पूर्वी धर्मबहिष्कृत होता. परंतु मरणापूर्वी त्यानें पापनिवेदन केलें होतें, त्यास शेवटचे संस्कार मिळाले होते आणि त्याच्या दफनाच्या वेळीं कोणीं हरकत घेतली नव्हती, असें हिल्डेगार्डचें म्हणणें होतें. माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांस हें मान्य नव्हतें. आर्चबिशप इटलींत, त्याच्या गैरहजेरींत त्यांनीं हुकूम सोडला कीं, प्रेत उकरून बाहेर टाका, नाहीं तर मठावर बहिष्कार. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धेनें प्रेत उकरण्यास साफ नकार दिला. तिनें स्वतः आपल्या काठीनें त्या थडग्याच्या खुणा पुसून टाकल्या, अशी आख्यायिका आहे.

बहिष्कार म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. १८९० साली पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या एका पेला चहावरून केवढें ग्रामण्य माजलें, हें ज्यांनीं घरांतल्या वृद्धांकडून ऐकलें असेल, त्यांस धर्माधिकाऱ्याच्या एका शब्दानें घरांतील हवा कशी बदलते हें ठाऊक आहे. रूपर्ट्सबेर्गवर जो बहिष्कार आला त्याचें स्वरूप असें कीं, प्रभुभोजनाचा विधि बंद आणि भजन बंद. प्रार्थना काय ती दारें लावून, हलक्या आवाजांत वाचावी. ज्या मठाचें सारें जीवन गाण्यांत गेलें, आणि ज्याच्या मुख्येनें स्वतः सत्तरांहून अधिक स्तोत्रें चालींसह रचलीं, त्या मठाचा गळाच दाबला गेला.

येथें हिल्डेगार्डनें काय केलें तें पाहावें. तिनें प्रेत उकरलें नाहीं. परंतु बहिष्कारही मोडला नाहीं. मठांत गाणें बंद झालें. मग तिनें माइन्त्सच्या अधिकाऱ्यांस एक लांब पत्र लिहिलें. त्याचा आशय असा : पापापूर्वीं आदिपुरुषाचा कंठ देवदूतांच्या स्वरांत मिळालेला होता, गाणें ही त्या हरवलेल्या स्वर्गाची आठवण आहे, आणि म्हणूनच सैतानास गाणें खपत नाहीं. तेव्हां पुरतें कारण न तोलतां जे धर्माधिकारी देवाचें स्तवन बंद पाडतात, त्यांनीं जपावें. स्वर्गांतील देवदूतांच्या गायनास ते मुकतील. कुलुप लावण्याच्या व उघडण्याच्या किल्ल्या ज्यांच्या हातीं आहेत, त्यांनीं उघडावयाचें तें लावूं नये.

केवळ पत्रानें काम झालें नाहीं. कोलोनचा आर्चबिशप फिलिप ह्यानें मध्यस्थी केली. त्या मृत सरदाराबरोबरच पापमुक्त झालेल्या एका वीराची साक्ष पुढें आली. तरी अधिकाऱ्यांनीं पुन्हां आडकाठी घातली. शेवटीं हिल्डेगार्डनें इटलींत असलेल्या आर्चबिशप ख्रिस्तियानाकडे दाद मागितली, आणि ११७९ च्या मार्चमध्यें बहिष्कार उठला. मठांत पुन्हां गाणें सुरू झालें. त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं हिल्डेगार्ड वारली.

किर्खहाइमचें तें पत्र मात्र मेलें नाहीं. २० डिसेंबर २०१० रोजीं, नाताळच्या प्रघाताप्रमाणें रोम येथें आपल्या दरबारांतील कार्डिनल व इतर अधिकाऱ्यांपुढें भाषण करितांना, त्या वेळचे पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं हा दृष्टांत सविस्तर सांगितला. धर्मगुरूंनीं अल्पवयीन मुलांवर केलेले अत्याचार त्या वर्षीं देशोदेशीं उघडकीस आले होते. हिल्डेगार्डनें जें मुख पाहिलें तेंच आपण ह्या वर्षीं पाहिलें, हा अपमान आपण स्वीकारला पाहिजे आणि त्यांतून शुद्ध होण्याचा मार्ग शोधिला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. पुढें २०१२ च्या मे महिन्यांत त्यांनीं तिचें संतपद सर्व धर्मसभेसाठीं मान्य केलें, आणि त्याच वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं तिला 'धर्मसभेची आचार्या' ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती चौथी स्त्री होय. जी वचनें एके काळीं पोपच्या विरोधकांनीं पोपविरुद्ध छापलीं, तींच एका पोपनें भरल्या दरबारांत स्वतःच्या घराविषयीं उच्चारलीं.

तेवढ्यानें त्या मुलांचें दुःख फिटलें काय? मुळींच नाहीं. कबुली म्हणजे न्याय नव्हे. पदवी दिल्यानें धूळ पुसली जात नाहीं. परंतु दृष्टांत दुसऱ्यावर रोखण्याऐवजीं प्रथम स्वतःकडे वळविणें, ही गोष्ट आठ शतकांत क्वचितच कोणीं केली होती, म्हणून तिची नोंद करावी असें आम्हांस वाटतें.

आरंभीं जो पेच आम्हीं सांगितला, त्याचें निश्चित उत्तर आमच्यापाशीं नाहीं. कोणता दृष्टांत देवाचा आणि कोणता मनाचा, हें ठरविणारें यंत्र अद्याप निघालें नाहीं. हिल्डेगार्डच्या चरित्रांतून मात्र दोन खुणा दिसतात. एक अशी कीं, दृष्टांत सांगणाऱ्यास त्यांतून कांहीं मिळतें कीं त्याचें कांहीं जातें, हें पाहावें. गोठ्याचा दाखला देतांना आणि रिखार्डिसला अडवून धरितांना तिला कांहीं तरी आपल्याजवळ राखावयाचें होतें, आणि तेथेंच तिची वाणी डळमळली. एका परक्या मृताच्या थडग्यासाठीं तिनें आपलें सर्वांत प्रिय असें गाणें गमावलें, आणि तेथें ती वाणी खणखणीत वाजली. दुसरी खूण अशी कीं, दोष दाखविणारा स्वतःस त्या दोषाबाहेर ठेवतो काय? जो 'तुम्हीं मळविलें' एवढेंच म्हणतो त्याच्यापासून सावध राहावें. 'आम्हीं मळविलें' म्हणणाऱ्याचें ऐकून घ्यावें.

ह्या खुणा फक्त मठांना आणि पीठांनाच लागू आहेत असें नव्हे. घरांतील वडील माणसाच्या शब्दालाही धर्माचें वजन असतें. 'असें करणें पाप आहे' हें वाक्य सुनेस, विधवेस, लहान मुलास ऐकवितांना तें वजन आपण किती वेळां आपल्या सोयीसाठीं वापरलें असेल! तें वाक्य पुढच्या खेपेस ओठांवर आलें म्हणजे त्या साध्वीस दिसलेलें मुख क्षणभर डोळ्यांपुढें आणावें, आणि मग बोलावयाचें तें बोलावें.